गाडी हळू, इंजिन जोरात: चढणीवर ट्रकला ताकद कुठून मिळते

मालानं भरलेला ट्रेलर लांब चढणीला लागतो तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून नुसतं ऐकलं, तरी आत काय चाललंय ते बरंच कळतं. आधी इंजिनाचा आवाज हळूहळू खाली बसत जातो, जड होत जातो. मग क्षणभर तुटतो. पुन्हा सुरू होतो तो आधीपेक्षा चढ्या सुरात, पण गाडीचा वेग मात्र कमी झालेला असतो. थोडं पुढे गेल्यावर परत तेच. सूर खाली, क्षणभर पोकळी, सूर वर, वेग आणखी कमी. असं चार-पाच वेळा झालं की एका टप्प्यावर सगळं स्थिरावतं आणि ट्रेलर एकाच सुरात, सावकाश, माथ्यापर्यंत चढत राहतो.

गाडी हळू होत असताना इंजिन जोरात का फिरवायचं? चढणीवरच्या ट्रकचं सगळं गणित या एका प्रश्नात आहे. 'चढाला टॉर्क लागतो, हॉर्सपॉवर नाही' असं एक वाक्य गाड्यांच्या गप्पांमध्ये हटकून ऐकू येतं, त्याचाही निकाल इथेच लागतो. ते वाक्य मला फार खटकतं. पूर्ण चूक असतं तर केव्हाच मागे पडलं असतं. ते अर्धं बरोबर आहे, म्हणून उरलेलं अर्धं कुणी तपासत नाही.

आधी चढ काय मागतो ते पाहू. पुढचा ओढणारा ट्रक, मागचा ट्रेलर आणि माल मिळून गाडी ४० टनांची धरू. चढ ६ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. कारमधून जाताना असा चढ धड जाणवतही नाही. पण सपाट रस्त्यावर गाडीचं सगळं वजन रस्ता तोलून धरतो, आणि चढावर त्यातल्या ६ टक्के वजनाएवढी ओढ मागच्या बाजूला लागते. ४० टनांचे ६ टक्के म्हणजे २,४०० किलो. कल्पना करा, गाडी सपाट रस्त्यावरच आहे, पण तिच्या मागे दोर बांधून तो कप्पीवरून खोल दरीत सोडलाय आणि त्याला २,४०० किलोचं ओझं टांगलंय. गाडीनं पुढे जायचं म्हणजे ते ओझं वर खेचत जायचं. ६ टक्क्यांच्या चढाचा अर्थ एवढाच.

याशिवाय टायरांचं देणं असतं. फिरताना प्रत्येक टायर रस्त्यापाशी दबतो आणि सुटतो, त्यात ताकद जाते. एवढ्या गाडीला ती ओढ साधारण २४० किलोंची. आणि वारा: ताशी ८० किलोमीटरला १८० किलोंच्या आसपास, ४० ला जेमतेम ५०.

आता हॉर्सपॉवर. मेट्रिक हॉर्सपॉवरची व्याख्या आपल्या कामाला अगदी सोयीची आहे: ७५ किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला लागते ती शक्ती म्हणजे १ हॉर्सपॉवर. आपल्या दोराला टांगलेल्या ओझ्याचा हिशेब थेट या मापात होतो.

सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला साधारण २२.२ मीटरनं जाताना टायर आणि वारा मिळून ४२० किलोंची ओढ. गुणाकार केला, ७५ नं भागलं की येतात १२५ हॉर्सपॉवर. चाळीस टनांची गाडी आणि लागते एका मध्यम कारएवढी शक्ती! हाच वेग ६ टक्क्यांच्या चढावर ठेवायचा म्हटलं तर ओढ होते २,८२० किलो आणि शक्ती लागते ८३५ हॉर्सपॉवर. जवळपास सातपट.

लांब पल्ल्याच्या अशा गाडीला ४६० हॉर्सपॉवरचं इंजिन धरू. त्यातला दहावा भाग गियरबॉक्स, शाफ्ट आणि मागच्या एक्सलच्या दात्यांमध्ये खर्च होतो. चाकांपर्यंत पोचतात ४१० च्या आसपास. चढाची मागणी ठरलेली, इंजिनाची शक्तीही ठरलेली. मग हलू शकतो तो एकच आकडा, वेग. गणित उलट्या बाजूनं केलं की तो येतो ताशी ४१ किलोमीटर. ड्रायव्हर कितीही कसलेला असो, गियरबॉक्स कितीही हुशार असो, या चढावर या गाडीला याहून जास्त वेग टिकवता येणार नाही. हाच ट्रक कमी माल घेऊन एकूण २५ टनांचा झाला तर तोच चढ ६३ नं चढेल.

वेगात येऊन चढावर झेप घेता येत नाही का? येते, पण ती फार लांब पुरत नाही. ताशी ८० किलोमीटरनं धावणाऱ्या गाडीत साठलेली सगळी गतिज ऊर्जा तिला फक्त २५ मीटर उंच नेऊ शकते, मग गाडी १ टनाची असो की ४० टनांची. ६ टक्क्यांच्या चढावर हे झाले जेमतेम ४२० मीटर रस्त्याचे. पुलाचा चढ असा पळत येऊन निघून जातो. चार किलोमीटरच्या चढणीवर ती पुंजी पहिल्या वळणापर्यंतच संपते आणि पुढचं सगळं इंजिनाच्या कमाईवर असतं.

इथपर्यंत टॉर्कचं नावही आलेलं नाही. वेग ठरवला तो फक्त शक्तीनं. मग टॉर्क कशासाठी?

टॉर्क म्हणजे पीळ. गंजलेला नट सोडवायला लांब पाना लावून आपण त्याच्या टोकावर भार टाकतो, तेव्हा नटावर जो येतो तो टॉर्क. आपल्या ट्रकच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क २,३०० न्यूटन-मीटर आहे असं धरू. म्हणजे क्रँकशाफ्टला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याला) एक मीटर लांबीचा पाना लावून त्याच्या टोकाला २३५ किलो टांगावेत एवढा पीळ. पण नट जागचा हललाच नाही तर? पीळ पूर्ण आहे, घाम पूर्ण आहे, काम मात्र शून्य. काम होतं ते पीळ देत फिरवल्यावर, आणि शक्ती म्हणजे ते काम किती झपाट्यानं होतंय त्याचं माप. म्हणून शक्ती निघते टॉर्क आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) यांच्या गुणाकारातून: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९, की उत्तर किलोवॅटमध्ये. टॉर्क आणि हॉर्सपॉवर या दोन वेगळ्या ताकदी नाहीतच. एक दुसऱ्याच्या पोटात आहे.

गियरबॉक्स टॉर्क हवा तेवढा वाढवून देतो. पहारीनं मोठा दगड उचलताना आपला हात लांबवर खाली जातो आणि दगड बोटभर वर येतो, तसाच हा व्यवहार आहे. पीळ सातपट करून घ्यायचा तर फिरण्याचा वेग सातपट कमी करून मोजावा लागतो. शक्ती मात्र गियरबॉक्स एक हॉर्सपॉवरनंही वाढवू शकत नाही, उलट आपली दलाली कापून घेतो. जी गोष्ट गियरनं हवी तेवढी वाढवता येते ती चढणीवरचा वेग ठरवू शकत नाही. जी वाढवता येत नाही, तीच ठरवते.

आता आपली गाडी ताशी ४१ वर आणून ठेवू. गियरबॉक्स १२ गियरचा आहे. नवव्या गियरमध्ये क्रँकशाफ्टपासून चाकापर्यंत सगळं मिळून ५.६ पट घट होते, आठव्यात ७.३ पट. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर.

नवव्या गियरमध्ये या वेगाला इंजिन फिरतं सव्वाबाराशे आरपीएमवर. टॉर्कच्या दृष्टीनं ही सर्वांत उत्तम जागा: पूर्ण २,३०० न्यूटन-मीटर मिळतात. चाकाशी ओढ तयार होते २,३७० किलोंची. चढ मागतोय २,६९०. तीनशेहून जास्त किलो कमी पडतात, गाडीचा वेग घसरत जातो. इंजिनाचा टॉर्क कमाल आहे आणि तरीही गाडी हरतेय.

आठवा टाकला. इंजिन १,६०० आरपीएमवर गेलं. इथे टॉर्क उलट कमी आहे, २,०२० च्या आसपास. पण आता तो ७.३ पट होऊन चाकाशी येतो आणि ओढ होते २,७०० किलो. बरोबर पुरते. गाडी स्थिर.

कमी टॉर्कवर गाडी चढली, जास्त टॉर्कवर चढली नाही! कारण सव्वाबाराशेवर इंजिन देत होतं ४०० हॉर्सपॉवर आणि सोळाशेवर देतंय पूर्ण ४६०. सुरुवातीला ऐकलेला तो चढा सूर म्हणजे हेच. गाडी हळू झाली म्हणून इंजिनालाही हळू होऊ दिलं असतं तर जी शक्ती हवी होती तीच हातातून गेली असती. खालचा गियर टाकून ड्रायव्हर इंजिनाला त्याच्या शक्तीच्या जागेवर परत आणतो.

मग त्या वाक्यातला अर्धा खरा भाग कोणता? ट्रकचं इंजिन मुद्दाम असं बांधलेलं असतं की त्याची शक्ती कमी आरपीएमवर आणि रुंद पट्ट्यात मिळावी. आपल्या इंजिनाची ४६० हॉर्सपॉवर १,४०० पासून १,८०० पर्यंत जवळपास सारखीच मिळते. याचा अर्थ असा की १,८०० वरून चढानं इंजिनाला १,४०० पर्यंत खाली दाबत आणलं, तरी शक्ती तसूभर कमी होत नाही, कारण फेरे जेवढे कमी होतात तेवढा टॉर्क वाढत जातो. १,४०० च्या खाली, हजारपर्यंत, टॉर्क कमालीवर टिकून राहतो आणि शक्ती हळूहळू उतरते. त्यामुळे ड्रायव्हरला विचार करायला वेळ मिळतो. गाडी दबते, पण गुडघे टेकत नाही. 'टॉर्क चांगला आहे' असं म्हणताना अनुभवी माणसाला बहुतेक वेळा हेच म्हणायचं असतं: इंजिन दाबलं तरी लवकर हार मानत नाही.

कारच्या पेट्रोल इंजिनाशी ताडून पाहा. ११५ हॉर्सपॉवरची चार इंजिनं जोडली तर कागदावर ४६० झाले. योग्य गियर लावले तर तीही हा ट्रेलर ताशी ४१ नं चढवतील. भौतिकशास्त्राची काही हरकत नाही. पण ती शक्ती मिळते सहा हजार आरपीएमच्या आसपास. माथ्यापर्यंत चारही इंजिनं त्या किंकाळीच्या सुरात ठेवावी लागतील, जरा आरपीएम उतरले की शक्तीही उतरेल, आणि रोज तासन्‌तास असं राबवलं तर ती फार दिवस टिकणार नाहीत. ट्रकच्या इंजिनाचं मोठेपण शक्तीच्या आकड्यापेक्षा ती शक्ती तासन्‌तास, वर्षानुवर्षं, न कुरकुरता देण्यात आहे.

आता सिलिंडरच्या आत डोकावू. मला या विषयातला सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो.

इंजिन १३ लिटरचं, सहा सिलिंडरचं. एकेका सिलिंडरचा आवाका दोन लिटरांहून थोडा जास्त. १,६०० आरपीएमवर सहाही सिलिंडर मिळून सेकंदाला ८० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटासाठी इंजेक्टर आत सोडतो साधारण पाव ग्रॅमच्या आतबाहेर डिझेल. पाच-सहा थेंब! ४० टनांची गाडी डोंगरावर नेणारी गोष्ट ती एवढीच, फक्त सेकंदाला ८० वेळा. आधुनिक इंजिनात हे थेंब दोन हजार बार (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजारपट) किंवा त्याहून जास्त दाबानं, केसासारख्या बारीक भोकांमधून फवारले जातात, म्हणजे त्यांचं धुकं होतं आणि क्षणार्धात जळतं. ठिणगी लागत नाही. पिस्टननं हवा इतकी आवळलेली असते की तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर गेलेलं असतं. डिझेल त्या हवेत शिरताच आपोआप पेटतं.

इंधन वाढवणं अवघड नाही. अडचण हवेची आहे. १ किलो डिझेल पूर्ण जळायला किमान साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर न होता नीट जळायला प्रत्यक्षात वीस किलोंच्या वर. पाव ग्रॅम डिझेलला म्हणजे ५ ग्रॅम हवा. पण दोन लिटरच्या सिलिंडरमध्ये बाहेरची साधी हवा ओढून घेतली तर मावते अडीच ग्रॅम. निम्मी! साध्या श्वासावर हे इंजिन अर्ध्या शक्तीतच थांबलं असतं.

उरलेली हवा कोंबतो टर्बो. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंमध्ये अजून बरीच ऊर्जा असते. त्यांच्या वाटेत एक छोटी पाखी (पात्यांचं चाक) ठेवली की ती मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत फिरते आणि त्याच दांड्यावरची दुसरी पाखी बाहेरची हवा दाबून आत ढकलते. ही कल्पना जुनी आहे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन ऑग्सबर्गमध्ये १८९७ साली चाचणीत यशस्वी झालं, आणि स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं निकासाच्या वायूंवर चालणाऱ्या टर्बोचं पेटंट घेतलं ते १९०५ साली. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पसरते, म्हणून मध्ये इंटरकूलर ठेवून तिला थंड करतात, म्हणजे त्याच जागेत आणखी मावते. पूर्ण भारावर चढणारा हा ट्रक मिनिटाला २० घनमीटर हवा गिळतो, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतली साधारण तीन-चतुर्थांश.

टर्बोमुळे एक नाजूक साखळी तयार होते, आणि चढणीवर ती दोन्ही बाजूंनी ओढते. जोरात जळालं की निकास जोरात, निकास जोरात की टर्बो जोरात, टर्बो जोरात की हवा जास्त, हवा जास्त की आणखी डिझेल जाळता येतं. वर जाताना ही साखळी साथ देते. पण गियर बदलायला उशीर केला आणि इंजिन हजारच्या खाली दबलं, की तीच उलटी फिरते: फेरे कमी, निकास कमी, टर्बो मंद, हवा कमी, म्हणून डिझेल कमी, म्हणून फेरे आणखी कमी. गाडी बघता बघता बसते. जुन्या इंजिनांमध्ये अशा वेळी सायलेन्सरमधून काळा लोट निघायचा. ते अर्धवट जळालेलं डिझेल असायचं, पुरेशी हवा न मिळालेलं. आताचे संगणक हवा मोजूनच डिझेल सोडतात, म्हणून धूर दिसत नाही; पण हवा नाही तर ताकद नाही, हा नियम तसाच आहे.

उंचीवर हवा विरळ होते ती अडचणही इथेच येते. दर हजार मीटरला हवेची घनता साधारण दहा टक्क्यांनी घटते. टर्बो जास्त जोरात फिरून बरीचशी तूट भरून काढतो, पण त्याच्याही फिरण्याला मर्यादा आहे, आणि ती आली की संगणक इंजिनाची शक्ती कापायला लागतो.

गियर बदलण्याच्या त्या क्षणाकडे परत येऊ, ज्यात आवाज तुटतो. तो क्षण फार महाग असतो. सपाट रस्त्यावर क्लच दाबून एक सेकंद गेला तर गाडीचा वेग कळण्याइतकाही उतरत नाही. चढावर त्या सेकंदात २,७०० किलोंची ओढ एकटीच कामाला लागते आणि ताशी २.४ किलोमीटर वेग जातो. दोन सेकंद लावले तर ५ गेले. मग ज्या वेगासाठी तो गियर निवडला होता तो वेगच उरलेला नसतो आणि आणखी खालचा शोधावा लागतो. नवशिक्याची गाडी चढावर एकामागून एक गियर उतरत शेवटी उभी राहते ती यामुळे. मुरलेला ड्रायव्हर आवाज बसायची वाट बघत नाही. चढ समोर दिसला की आधीच खालचा टाकतो, आणि चढ तीव्र असेल तर एक गियर गाळून दोन पायऱ्या एकदम उतरतो, म्हणजे दोन तुटींऐवजी एकच तूट. आजचे स्वयंचलित गियरबॉक्स हेच करतात. काही गाड्यांमध्ये तर जीपीएसच्या नकाशावरून पुढचा चढ किती लांब आहे हे आधीच माहीत असतं. चढ शंभर मीटरांत संपणार असेल तर ते गियर बदलतच नाहीत, दबत का होईना पार करतात. २०१४ मध्ये व्होल्वोनं मोठ्या ट्रकांसाठी दोन क्लचचा गियरबॉक्स आणला, त्यात पुढचा गियर आधीच तयार असतो आणि ओढ जवळजवळ न तुटता बदल होतो.

सगळ्यात कमी बोललं जातं ते उष्णतेबद्दल. डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी चाळीस-पंचेचाळीस टक्केच क्रँकशाफ्टला देतं, आणि हे प्रमाण इतर इंजिनांच्या मानानं फार चांगलं आहे. पण ४६० हॉर्सपॉवर म्हणजे ३३८ किलोवॅट बाहेर पडत असताना त्याहून जास्त किलोवॅट उष्णता होऊन निघतात. काही सायलेन्सरवाटे जाते. रेडिएटर आणि इंटरकूलरला मिळून दोनशेच्या घरात किलोवॅट बाहेर फेकायचे असतात. दोन किलोवॅटचे शंभर गिझर एकदम चालू आहेत असं समजा. सपाट हमरस्त्यावर समोरून वारा रेडिएटरवर आदळत असतो आणि इंजिन जेमतेम चौथाई-तिसऱ्या हिश्श्यानं राबत असतं. चढणीवर इंजिन पूर्ण जोरात आणि वारा निम्मा. सर्वांत जास्त उष्णता आणि सर्वांत कमी थंडावा एकाच वेळी येतात.

म्हणून चढ अर्धा झाला की कधी कधी ट्रकच्या नाकातून अचानक एक घोंगावणारा मोठा आवाज सुरू होतो. इंजिन बिघडलेलं नसतं; पंख्याला इंजिनाशी जोडणारा क्लच लागलेला असतो. तो पंखा पूर्ण जोरात फिरताना स्वतःच तीसेक हॉर्सपॉवर खातो. आपल्या हिशेबात ते वजा केले की वेग ४१ वरून ३८ वर येतो. ड्रायव्हरला हे कळतं: पंखा लागला की गाडी जराशी मागे ओढल्यासारखी होते. तापमानाचा काटा तरीही वर जात असेल तर उपाय आणखी एक गियर उतरण्याचा. जोर कमी द्यायचा, पण फेरे वर ठेवायचे, म्हणजे पाण्याचा पंप आणि पंखा जोरात फिरत राहतात आणि डिझेल मात्र कमी जळतं.

डिझेलचं म्हणाल तर पूर्ण जोरात तासाला ऐंशी लिटरच्या आसपास जातं. ताशी ४१ नं म्हणजे किलोमीटरला जवळपास दोन लिटर. ज्याच्या खिशातून ते जातं त्याला हा आकडा मोठा वाटतो, आणि तो आहेच. पण त्याच्या बदल्यात एका किलोमीटरमध्ये ४० टन ६० मीटर उंच गेलेले असतात.

चढावर थांबून पुन्हा निघताना मात्र टॉर्क खरोखरच राजा असतो, कारण वेग शून्य असतो आणि शक्तीचा प्रश्नच येत नाही. पहिल्या गियरमध्ये घट चाळीसपट. इंजिन ६०० आरपीएमवर असेल तर गाडी ताशी ३ किलोमीटरहूनही हळू सरकते, चालणाऱ्या माणसाहून मंद. इथे इंजिनानं अर्धा टॉर्क दिला तरी चाकाशी ८,००० किलोंच्या वर ओढ तयार होते. एवढी पेलायची कुणी? ओढणाऱ्या एक्सलवर ११ टन वजन असेल तर कोरड्या डांबरावर टायर साडेसात हजार किलोंपर्यंत धरून राहतील, ओल्यावर चार-साडेचार हजार. घट्ट बसलेल्या बर्फावर दोन हजारांच्या आसपास, म्हणजे ६ टक्क्यांचा चढसुद्धा नाही. अशा ठिकाणी इंजिन कितीही मोठं असलं तरी चाक जागच्या जागी फिरतं. जास्त एक्सलना ओढ देणं, डिफरन्शियल लॉक (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कडी), टायरांना बांधायच्या साखळ्या हे सगळं त्यासाठी आहे.

विजेवरचे ट्रक आले तरी चढाचा हिशेब बदलत नाही. दोराला टांगलेले २,४०० किलो तेवढेच राहतात. मोटरला फिरण्याआधीच पूर्ण टॉर्क मिळतो, हवेची गरज नसते, उंचीचा त्रास नसतो आणि गियर थोडे किंवा एकच पुरतो, त्यामुळे चढावर तो तुटलेला क्षण क्वचितच येतो किंवा येतच नाही. उतरताना काही ऊर्जा बॅटरीत परतही येते. डिझेलला हे जमत नाही, एकदा जळालेलं ते गेलं.

माथा आला. चढ सपाट होतो तशी ओढ एकदम सुटते, इंजिन हलकं होतं, गियर वर चढायला लागतात. पण उष्णता एवढ्यात जात नाही. पाण्याचा काटा बऱ्याचदा माथा ओलांडल्यावर शिखर गाठतो आणि पंखा अजून घोंगावतच असतो. टर्बोचं निकासाकडचं घर अजून धगधगतं असतं आणि त्याच्या दांड्याला थंड ठेवणारी मुख्य गोष्ट असते, इंजिनाच्या पंपानं फिरणारं तेल. माथ्यावर गाडी उभी करून लगेच चावी फिरवली तर पंप थांबतो, आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल तिथल्या तिथे जळून कोळसा धरतं. म्हणून वर पोचल्यावर इंजिन तीन ते पाच मिनिटं नुसतं आयडलवर चालू ठेवतात. पंख्याचा आवाज आधी बंद होतो, मग काटा हळूहळू खाली येतो, आणि त्यानंतर इंजिन बंद करतात.